चिमीची सोनोग्राफी आणि माझे सात ग्लास पाणी

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकून हे लिहिण्यापुरतं. प्रत्यक्षात कमरेने गेल्या महिन्यापासून वाकायला नकार दिला आहे, पण तू मोठी, म्हणून निदान कागदावर तरी वाकतो.) तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला थांबला, की अजूनही बातम्या लागल्या की सुरू होतो? तुमच्याकडे नळाला दाब कसा आहे? (हे सवयीने विचारलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी कुणाची खुशाली विचारायला तोंड उघडलं की आधी पाण्याचाच विषय निघतो.) इकडे आमच्या हिचा पाय अजून प्लास्टरमध्ये आहे. पडदे बदलायला स्टुलावर कोणी चढायचं यावर आमचा वाद चालू होता, तेवढ्यात ती चढली, वाद जिंकली आणि खाली पडली. त्यामुळे चिमीला सोनोग्राफीला न्यायचं काम माझ्याकडे आलं. आम्ही तिथून घरी आलो त्या संध्याकाळी फोनवर तुला निकाल कळवलाच आहे, तेव्हा पुढची पानं तू बिनघोर वाचशील. पण फोनवर नुसता निकाल कळतो गं, मी काय पाहिलं ते कळत नाही. आणि जे पाहिलं ते कुणाला तरी सविस्तर सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. हिला सांगून झालं. शेजाऱ्यांना सांगायला हिने मनाई केली. मग राहिलीस तूच.

आधी त्या सोमवारच्या फोनबद्दल माफी मागतो. "ताई, आपल्या पोरीच्या पोटात गाठी आहेत," एवढंच बोलून मी रडायला लागलो आणि हिने फोन हातातून काढून घेतला. झालं असं होतं, की चिमीची पाळी (लिहितो बाई, लिहितो, चौसष्टाव्या वर्षी हा शब्द पहिल्यांदाच माझ्या हातून कागदावर उतरतोय, अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे) तीन-तीन, चार-चार महिने यायची नाही. हनुवटीवर केस येत होते, ते ती गुपचूप काढायची. वजन वाढत होतं. चष्म्याच्या दुकानात ती दिवसभर लोकांचे डोळे तपासते, भिंग बदलून बदलून "आता स्पष्ट दिसतंय? आणि आता?" असं विचारत बसते, पण स्वतःकडे बघायला तिला दोन वर्षं फुरसत झाली नाही. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी कागदावर पीसीओएस अशी चार अक्षरं लिहिली, पुढे एक भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं आणि सोनोग्राफी करून या म्हणाले. मी तो कागद घेऊन कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेलो. (डॉक्टरांसमोर मान डोलवायची आणि अर्थ औषधवाल्याला विचारायचा, ही आपल्या घराण्याची जुनी खोड.) तो कुणाच्या तरी गोळ्या पट्टीतून कापत होता. मान वर न करता म्हणाला, "त्यात गाठी असतात, काका. पुष्कळ असतात."

पुष्कळ! ताई, तुला वेगळं सांगायला नको, मला आई आठवली. आईच्या पोटातही गाठच निघाली होती, आणि ती एकच होती. एकीने चार महिन्यांत आई नेली, तर पुष्कळ असल्यावर काय होईल, हे गणित करतच मी घरी आलो. चिमीला काही बोललो नाही. ती पाच दिवस नेहमीसारखी कामावर गेली, नेहमीसारखी माझ्या मोबाइलवरच्या मोठ्या अक्षरांना हसली, आणि मी तिच्याकडे बघून नको नको ते मनात आणत बसलो. ती जेवायला बसली की तिच्या ताटात मीच पुन्हा पुन्हा वाढायचो. शेवटी ती म्हणाली, वजन कमी करायला सांगितलंय बाबा, वाढवायला नाही.

आता पाण्याचं ऐक. सोनोग्राफीवाल्यांनी एक चिठ्ठी दिली होती. तपासणीआधी एक तास चार ग्लास पाणी प्यावे, नंतर लघवीला जाऊ नये. साधी दोन वाक्यं. दुसरा कुणी असता तर त्याने चार ग्लास भरून मुलीपुढे ठेवले असते. पण मी चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढली आहेत, आणि पाणी म्हटलं की मला दुसऱ्याचं ऐकवत नाही. आमच्या खात्याचा अनुभव असा, की टाकीतून जेवढं सोडावं तेवढं घरापर्यंत कधीच पोचत नाही. एक तृतीयांश वाटेतच जिरतं. म्हणजे मुक्कामी चार ग्लास पोचायला हवे असतील तर वरून सहा सोडायला हवेत, आणि ऐनवेळी कमी पडू नये म्हणून एक राखीव. झाले सात. (माणसाच्या आत फुटलेली पाइपलाइन नसते, हे मला त्या घटकेला सुचलं नाही.) ही आतल्या खोलीतून पाय उशीवर ठेवून ओरडत होती, की अहो, कागदावर चार लिहिलंय, चार! मी म्हटलं, कागद लिहिणाऱ्याने आयुष्यात एक व्हॉल्व्ह उघडलेला नाही. चिमीने वाद घातला नाही. ती फक्त म्हणाली, तुम्ही प्याल तेवढेच मी पिईन. पोरगी कुणाची आहे! मी ग्लास लावले, घड्याळ समोर ठेवलं, आणि बापलेकीने समोरासमोर बसून सात-सात ग्लास संपवले.

आमच्या घरापासून त्या दवाखान्यापर्यंत नऊ गतिरोधक आहेत. त्या रस्त्याने मी वर्षानुवर्षं स्कूटर चालवतोय, पण ते मोजले त्या दिवशी. तिसऱ्यानंतर आम्ही बोलणं बंद केलं. दवाखान्यात पोचलो तर तिथल्या बाईंनी सांगितलं की एक तातडीचा पेशंट आला आहे, थोडं थांबावं लागेल. थोडं म्हणजे पाऊण तास. बसायला एकमेकांना जोडलेल्या हिरव्या खुर्च्या, आणि समोर, ताई, समोर माशांची काचेची पेटी! तिच्यात नळीतून अखंड बुडबुडे. पेटीशेजारी हात धुवायचं बेसिन, आणि त्याच्या नळाचा वॉशर गेलेला. इतर लोकांना ते टपटपणं ऐकूसुद्धा येत नव्हतं. मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. जन्मभर गळतीचा आवाज ऐकण्याचाच पगार घेतला, त्याची परतफेड त्या पाऊण तासात झाली. संडास माझ्यापासून चार पावलांवर होता. मला कुणी जाऊ नको असं सांगितलं नव्हतं, चिठ्ठी माझ्या नावाची नव्हती. पण पोरगी ओठ आवळून बसली आहे आणि बाप मोकळा होऊन येतो, हे मला पटेना. तेवढ्यात आतल्या मदतनीस बाई दार उघडून म्हणाल्या, ज्यांना अगदीच धरवत नाहीये त्यांनी आधी आत या. त्यांनी खुर्च्यांच्या रांगेवरून नजर फिरवली आणि थेट माझा दंड धरला. चिमी हसली. पाच दिवसांत ती पहिल्यांदा तशी हसली, आणि हसली म्हणून तिची आणखीच पंचाईत झाली. ती एका हाताने खुर्ची धरून, डोळ्यांत पाणी आणून, हसू नका ना बाबा, असं मलाच म्हणत होती. मी कुठे हसत होतो!

आत गेल्यावर सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंनी एक नजर पडद्यावर टाकली आणि मदतनीस बाईंना विचारलं, की हिने किती पाणी प्यायलं आहे. (हे मला चिमीने नंतर सांगितलं.) लघवीची पिशवी इतकी फुगली होती की तिच्यापुढे बाकीच्या अवयवांना जागाच उरली नव्हती. मग चिमीला सांगण्यात आलं, थोडं मोकळं करून ये. पण अर्धंच हं, सगळं नाही. अर्धंच! ताई, भरल्या दाबावर व्हॉल्व्ह बरोबर अर्ध्यावर आणून थांबवणं ही काय चीज आहे हे खात्यातल्या कुणालाही विचार. चौतीस वर्षांत हे जमणारी दोनच माणसं मी पाहिली, आणि त्यातला एक मी नव्हे. चिमीने पहिल्या फटक्यात जमवलं. माझी छाती अभिमानाने फुगली. मी मात्र तीच संधी साधून पलीकडच्या संडासात गेलो, आणि अर्ध्यावर थांबायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

परत आलो तर चिमीने मला आत बोलावून घेतलं होतं. बाहेर बसले तर सगळ्यांना भंडावून सोडतील, असं कारण तिने डॉक्टरीणबाईंना दिलं म्हणे. पण मी तिच्या उशाशी जाऊन उभा राहिलो तेव्हा तिने माझं बोट धरलं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं. मग मला कळलं की गाठींचं तिलाही ठाऊक होतं. तोच औषधवाला तिचाही औषधवाला आहे. पाच दिवस ती माझ्यासाठी नेहमीसारखी वागत होती आणि मी तिच्यासाठी. मध्ये कापडी पडदा ओढलेला होता, मला दिसत होता तो फक्त तिचा चेहरा आणि भिंतीवरचा मोठा पडदा. खोली अंधारी, गार. डॉक्टरीणबाई तिशी-बत्तिशीच्या असतील, बाह्या वर केलेल्या, बाजूला अर्धा प्यायलेला चहा थंड झालेला. त्यांनी हातातलं ते छोटं यंत्र चिमीच्या पोटावर टेकवलं आणि भिंतीवर राखाडी पाऊस पडल्यासारखं काहीतरी हलायला लागलं.

मी विचारलं, मॅडम, एवढा उजेड आत सोडता कुठून? त्या म्हणाल्या, "उजेड नाही काका. आवाज."

आवाज! तुला ठाऊक आहे मी नोकरीभर काय केलं ते, पण पुन्हा सांगतो, कारण मला त्या क्षणी ते पुन्हा कळलं. लोखंडाची एक दांडी घ्यायची, एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाला कान लावायचा, आणि श्वास रोखून उभं राहायचं. खाली चार फुटांवर पाइप फुटला असेल तर दांडीतून बारीक सूं ऐकू येतो. तो जिथे जास्त, तिथे खडूने फुली. मग खोदायचं. तीन खड्ड्यांतला एक कोरडा निघायचा, आणि लोक खिडक्यांतून माझा उद्धार करायचे. या बाई तेच करत होत्या! फक्त आपल्याला ऐकू येणार नाही इतक्या बारीक आवाजाने. यंत्र आवाज आत सोडतं, आतल्या एकेका गोष्टीवर आपटून तो परत येतो, किती वेळाने आणि किती जोरात परत आला यावरून यंत्र चित्र काढतं. न खोदता! एक ओरखडा नाही, एक टाका नाही, आणि माझ्या लेकीचं पोट आतून भिंतीवर. मी त्यांना माझ्या दांडीबद्दल सांगितलं. दुसऱ्या कुणी म्हाताऱ्याची बडबड म्हणून सोडून दिलं असतं. त्यांनी हात थांबवून विचारलं, की पाइप प्लास्टिकचा असला तर आवाज कसा येतो. ताई, हा प्रश्न मला माझ्या साहेबांनीही कधी विचारला नव्हता. (प्लास्टिकमध्ये आवाज मरतो, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे हवेने मरतो, म्हणून तर ही चिकट जेली.)

पडद्याच्या वरच्या भागात एक मोठी काळीभोर जागा होती. मला वाटलं हीच ती. त्या म्हणाल्या, ते तर तुमचं पाणी. पाण्यातून आवाज सरळ आरपार जातो, अडत नाही, म्हणून परत काही येत नाही, म्हणून ते काळं दिसतं. आणि तो आरपार जातो म्हणूनच त्याच्या मागचं सगळं स्वच्छ दिसतं, पाणी ही त्यांची खिडकी. जन्मभर मी पाण्याचा आवाज ऐकत आलो, आणि इथे पाणी गप्प होतं म्हणून माझी मुलगी दिसत होती. मला त्या काळोखाला हात जोडावेसे वाटले. जोडलेही असते, पण एक हात चिमीच्या हातात होता.

मग त्यांनी ते यंत्र जरा डावीकडे वळवलं आणि म्हणाल्या, हा अंडाशय. बदामाएवढा म्हणतात, पण मला चांगला लिंबाएवढा दिसला (ते पडद्यावर मोठं करून दाखवतात, हे मागाहून कळलं). आणि त्याच्या कडेकडेने, आतल्या बाजूला, काळे ठिपके. गोल, बारीक, एकाशेजारी एक. एक, दोन, चार, सात, मी मोजत गेलो. पुष्कळ. औषधवाला म्हणाला होता तसेच, पुष्कळ. आईची एक होती. मी चिमीकडे पाहिलं तर तीही मोजत होती, ओठ हलत होते. तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं, या गाठीच ना? आवाज अगदी दुकानातला, गिऱ्हाइकाला नंबर सांगतानाचा. फक्त माझ्या बोटाला तो आवाज कसा निघाला ते कळलं, कारण ते तिने मोडायचंच बाकी ठेवलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी यंत्र तसंच धरून ठेवलं आणि म्हणाल्या, नाही. एकही नाही. त्यांचं म्हणणं मला समजलं तसं लिहितो. या आजाराचं नाव जुनं आहे आणि ते चुकीचं पडलं आहे. ते ठिपके म्हणजे पाण्याने भरलेल्या इवल्या पिशव्या, आणि प्रत्येकीत एक बीज. प्रत्येक बाईच्या पोटात दर महिन्याला अशा काही पिशव्या वाढायला लागतात, त्यातली एक पुढे जाते, पिकते, फुटते आणि बीज बाहेर पडतं, बाकीच्या विरून जातात. चिमीच्या पोटात त्या निघाल्या, पण शरीरातल्या हार्मोनचा मेळ बसेना म्हणून वाटेतच थांबल्या. पुढे कुणी जाईना. म्हणून त्या अशा कडेला बसून राहिल्या आहेत, आणि म्हणून पाळी येत नाही. बस्स. त्या कुणाला खात नाहीत, पसरत नाहीत, कापून काढाव्या लागत नाहीत.

ताई, मी रडलो. फोनवर रडलो तसा नाही, तोंड उघडं ठेवून, बघत बघत रडलो. जिथे मी पाच दिवस मरण बघत होतो तिथे बीजं होती. वीसच्या वर होती एका बाजूला! माझ्या पोरीच्या पोटात, एवढ्याशा जागेत, एवढी सगळी तयारी, आणि ती तिच्या जन्माच्याही आधीपासून तिथे होती असं बाई म्हणाल्या. म्हणजे आमची ही चिमीच्या वेळी पोटुशी असताना, मी बाजारातून दोन पिशव्या हातात घेऊन तिच्या मागून चालायचो ना, तेव्हाच ही सगळी आत हजर होती. मी कुणाकुणाच्या मागून चालत होतो याचा मला पत्ताच नव्हता. हे ऐकल्यापासून मला आमच्या साध्या घरातसुद्धा जरा जपून पाऊल टाकावंसं वाटतं.

आणि आणखी एक नवल. एवढं सगळं दिसल्यावर त्या बाई म्हणाल्या की या चित्रावरून मी एकटी काही ठरवणार नाही. आकार मोजला, डावा चौदा मिलिलिटर, उजवा तेरा (दहाच्या आत असावा म्हणे), ठिपके मोजले, लिहून घेतलं, आणि म्हणाल्या, पुष्कळ धडधाकट मुलींच्या पोटातही असं दिसतं. पाळीची तक्रार, केस किंवा रक्तातले हार्मोन, आणि हे चित्र, अशा तिन्हींतली दोन जुळली पाहिजेत, शिवाय थायरॉइडसारखं दुसरं काही नाही ना हे रक्तातून पाहायचं, मग तुमचे डॉक्टर नाव देतील. मी दांडीवर सूं ऐकला की सरळ फुली मारायचो गं! एवढं थोर यंत्र हाताशी असूनही घाई न करणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. (आता रक्ताचेही निकाल आले. नाव तेच पडलं. गोळ्या आहेत, रोज चालणं आहे, साखरेवर लक्ष ठेवायचं आहे.) चिमीने झोपल्या झोपल्याच विचारलं, पुढे मूल होईल का? बाई म्हणाल्या, बहुतेकींना होतं, काहींना औषधाची मदत लागते, आणि ज्या दिवशी हवंसं वाटेल त्या दिवशी ये, आज त्याची चिंता करू नकोस. चिमीने माझं बोट सोडलं. ते अजून सुजलेलं आहे, पण मला त्याचं काही वाटत नाही.

शेवटी त्यांनी घरातल्या इतर बायकांबद्दल विचारलं. आईच्या बाजूला कुणाला? नाही. वडिलांच्या बाजूला? सख्खी बहीण आहे का? मी म्हटलं, माझी ताई ठणठणीत आहे. त्या म्हणाल्या, ठणठणीत आहेत हे चांगलंच, पण मी त्यांच्या पाळीबद्दल विचारतेय, हे घराण्यात चालत येतं, जमलं तर विचारून कळवा. मी बरं म्हटलं आणि कोपऱ्यातल्या नळाकडे बघायला लागलो. असो. पत्र फार लांबलं. हिचं प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल. भाऊजींना माझा नमस्कार सांग, आणि त्यांना बातम्या कमी बघायला सांग. तू जिने चढू नकोस.

तुझा धाकटा

ता. क. परवा मी वॉशर आणि पाना घेऊन त्या दवाखान्यात गेलो आणि बाहेरचा नळ दुरुस्त करून आलो. डॉक्टरीणबाईंनी चहा पाजला. कळवायचं ते विचारलंत का, असंही म्हणाल्या. मी म्हटलं, विचारतो.

ता. क. २. ताई, खरं म्हणजे हे पत्र मी त्यासाठीच लिहायला बसलो होतो. तुला गेल्या आठवड्यात तीनदा फोन केला ना? तिन्ही वेळा हेच विचारायचं होतं, आणि तिन्ही वेळा गुडघा विचारून ठेवून दिला. ही म्हणाली, द्या इकडे, मी विचारते. मी म्हटलं, माझी बहीण आहे, मीच विचारणार. तर विचारतो. तुझीही पाळी अशीच चार-चार महिने यायची नाही का? तू आरशासमोर पाठमोरी उभी राहून हनुवटीवरचं काही काढायचीस, ते केसच होते का? मी तेव्हा कॉलेजात होतो, सतरा वर्षांचा घोडा, आणि माझ्या मित्रांसमोर तुला "दाढीवाले" म्हणून हाक मारली होती. तू हसलीस म्हणून मी ते पुन्हा म्हटलं. आणि तुझ्या सासरची माणसं आपल्याकडे येऊन बसली होती, मूल होत नाही म्हणून भाऊजींचं दुसरं लग्न करायचं बोलत होती, तेव्हा मी कुठे होतो ते तुला माहीत आहे? मी मागे सायकलच्या चाकात हवा भरत होतो. दीड तास. चाक दोनदा फुटायची वेळ आली, पण मी आत आलो नाही. भाऊजी एकटेच नाही म्हणत राहिले. देवमाणूस आहे. तेव्हा असलं यंत्र नव्हतं, असं मी मनाला सांगून पाहिलं. पण विचारायला यंत्र लागत नाही. तुझ्यात काहीच खोट नव्हती गं ताई. वाटेत थांबलेली बीजं होती नुसती, मी माझ्या डोळ्यांनी बघून आलोय. मला माफ कर. उत्तर द्यायलाच हवं असं नाही. द्यायचं तर चिमीच्या नावाने पाकीट पाठव, मी उघडणार नाही. आणि साखर तपासून घे, ते डॉक्टरीणबाईंनी मुद्दाम सांगितलं आहे.

ता. क. ३. आत्या, मी चिमी. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं (वाचू नको असं काही ते म्हणाले नव्हते). तू मला सोनोग्राफीच्याच संध्याकाळी फोनवर सगळं सांगितलंस आणि मी ते आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना कळवलंसुद्धा, हे बाबांना माहीत नाही. बाबा नऊ दिवस रोज दुपारी दार लावून लिहीत होते, पाच-सहा कागद फाडले, म्हणून मी तोंड उघडलं नाही. शुक्रवारची तुझी रक्ताची तपासणी चुकवू नको. पण बाबांना काही कळू देऊ नको. तू हे पहिल्यांदाच ऐकतेयस असं दाखव, आणि उत्तर माझ्या नाही, त्यांच्याच नावाने लिही. लांबलचक लिही, सायकलवरून त्यांना चांगलं खडसावही. तू म्हणाली होतीस ना, की एवढ्या वर्षांत उपाय सगळ्यांनी सांगितले, विचारलं कुणीच नाही? बघ, विचारलंय.